हणमंतरावांच्या पिशवीचा तळ

मंडळी, ऐका. प्रवासाला निघताना माणूस पिशवीत काय भरतो? गरज भरतो की भीती? तिसरा स्वेटर म्हणजे थंडीची भीती. ठीक आहे, तेवढी चालते. पण सगळ्यात मोठी भीती कुठे ठेवतो आपण — वर की तळाशी?

चला कराडला. पाच जण मोटारसायकलींवरून हिमालयातल्या स्पितीला निघालेत. दोन हजारांवर किलोमीटर — तंबू, स्टोव्ह, भांडी, सगळं गाडीला बांधून! म्होरक्या कोण? जयूताई बर्गे. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारी बाई. त्यांचा एक रिवाज होता. निघण्याच्या आदल्या दुपारी अंगणात सतरंजी अंथरायची आणि प्रत्येकानं आपलं सामान सर्वांसमोर उपसायचं. एकेका वस्तूवर बाकीचे विचारणार — हे कधी लागेल? उत्तर आलं तर वस्तू गाडीवर. नाही आलं तर घरी.

(माळ्यावरच्या सामानाबद्दल हा प्रश्न घरी विचारून बघा. नको, नकाच विचारू. रात्रीचं जेवण चुकेल.)

पहिला बसला शिरीष ढोले. त्याच्या पिशवीतून निघाले इस्त्रीचे चार शर्ट! जयूताई म्हणाल्या, "स्पितीत कुणाचं लग्न आहे, भाऊजी?" तीन शर्ट घरी गेले.

मग आले हणमंतराव फडतरे. वय एकोणसाठ, आयटीआयमध्ये लेथ मशीन शिकवून निवृत्त झालेले मास्तर. काय बांधणी होती, मंडळी! जड हत्यारं खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, म्हणजे वळणावर तोल ढळत नाही. हलकं अंथरूण वर. रेनकोट असा, की काही न सोडता हाती यावा. आणि क्लचची जादा केबल? ती पिशवीत नव्हतीच! चालू केबलच्या शेजारूनच ओवून ठेवलेली. एक तुटली, की दुसरीची टोकं अडकवायची आणि निघायचं. जयूताईंनी वाकून पाहिलं. त्या सहसा कुणाच्या गाडीपुढे वाकत नाहीत.

सामान संपलं. संपलं का? पिशवीच्या तळाशी एक छोटा डबा उरला होता. त्यात इन्सुलिन होतं. सहा वर्षं मास्तर ते टोचून घेत होते आणि या चौघांना पत्ता नव्हता. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली होती. पण गेल्या वर्षी याच सतरंजीवरून एका दमेकऱ्याला घरी पाठवलं होतं, हे नुसतं बघायला आलेल्या मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलेलं. नोकरीत असल्यापासून हा प्रवास मनात होता. आता जागा गेली, तर पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील, कोण सांगणार?

चहा आला होता. कुणाचं लक्ष नव्हतं. पिशवी मिटली असती तर कुणाला कळलंही नसतं. तुम्ही काय केलं असतं? राहू द्या. मला माहीत आहे. मीही तेच केलं असतं.

मास्तरांनी हात घातला. डबा सतरंजीवर ठेवला.

"इन्सुलिन आहे. माझंच. नको म्हणालात तर राग नाही."

जयूताईंनी सगळ्यांना विचारलेलंच विचारलं, "हे कधी लागेल?"

"रोज. दोनदा."

"मग मास्तर, रोज दोनदा लागणारी वस्तू तळाशी? तीही तापणाऱ्या सायलेन्सरच्या बाजूला?"

मास्तर हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी त्याला..."

"दम्यासाठी नाही पाठवलं त्याला. त्याचा पंप आम्हांला शोधावा लागला, म्हणून पाठवलं. तुम्ही स्वतः काढलंत."

मग मास्तरांनी शिकवलं. हे उन्हानं बिघडतं, गोठलं तरी बिघडतं. म्हणून मैदानात ओल्या फडक्यात, डोंगरात छातीशी. निम्मा साठा शिरीषच्या गाडीवर, म्हणजे एक पिशवी नदीत गेली तरी भागेल. साखर उतरली की मला घाम येतो, हात कापतो, मी भलतंच बोलतो. चौघांनी ऐकलं आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवली.

अकराव्या दिवशी घाटात मास्तरांची गाडी डावीकडे ओढू लागली. तिकडे दरी! शिरीष मागेच होता. त्यानं हॉर्न देऊन थांबवलं, आणि काय झालं हे न विचारता आधी पुडी तोंडात ओतली. थोड्या वेळानं मास्तरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "अर्धी शर्टावर सांडलीस, गाढवा." तेव्हा कळलं, माणूस परत आला. संध्याकाळी पाचही गाड्या मुक्कामी होत्या.

टाळकरी, थांबा क्षणभर. डबा तळाशीच राहिला असता, तर मागचा काय म्हणाला असता? "मास्तर दमले." बस, एवढंच!

म्हणून मंडळी, देवाला सांगायचं ते सांगाच. पण तुमच्या मागून जो येतो आहे — नवरा, बायको, भाऊ, शेजारी — त्यालाही आज एवढं सांगा : माझा तोल जायला लागला, की तो असा जातो. हं. आता वाजवा.