मोत्याचं खरं नाव

कुत्रा दिसला का लोकायले राहवतच नाई, लेका. मी आंधळा, रस्ता दाखवाले माह्यासंगं शिकवलेला कुत्रा. पण सारी नालवाडी हाका मारून त्याले भुलवे. आमचा अशा कुत्रेवाल्यायचा फोनवर ग्रुप हाये. तिथल्या पुण्याच्या ताईनं शिकवलं, "दादा, लोकांना खोटं नाव सांगायचं. खरं आपल्याआपल्यात."

मी 'मोत्या' सांगून टाकलं. मंग काय! लोकं मोत्या-मोत्या करून राह्यले, अन् माहा बादल कान बी हलवत नाई.

औंदा बादल गेला. गल्लीतले अजून म्हणतात, "मोत्या लय गुणाचा होता, भाऊ." मी हो म्हणतो. मंग घरी येऊन ताईले फोन लावतो. ती एवढंच म्हणते, "दादा, बादलचं सांगा काहीतरी."