रीसेट सोड!

...आणि वर म्हणे चूक माझी! अहो, तुम्हाला सांगतो, मोरा बंदरावर लाँचच्या वेळा दाखवणारा फलक लावायचा, एवढंच काम. पण तो आज साहेबांनी आणलेल्या पाहुण्यांसमोर उजळला, तरच माझ्या हाताखालच्या उत्कर्षाची नोकरी पक्की होणार! आता फलकातली चिप म्हणजे अंगात येणारा देव समजा. आधी हलगी, मग ऊद, मग वारं, आणि मगच प्रश्न, आल्या आल्या "माझी म्हैस कुठाय?" विचारलंत तर भगत नुसता टकमका बघतो! चिपचंही तेच. आधी वीज, मग दम, मग रीसेट सोडायचा, मग बोलायचं! रीसेट म्हणजे तिची धरलेली मान हो. मान सुटल्याशिवाय बोलणार कशी? हा क्रम लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहायचा असतो. तो उत्कर्षा लिहीत होती, काल, वाशीच्या ऑफिसात. फोनवर विचारते, "सर, वीज दिली, थांबले, आता रीसेटचं काय करू?" मी म्हटलं, "सोड!"

...तिनं सोडला! म्हणजे गाळला! ओळच लिहिली नाही!

आता तुम्हीच सांगा, उपास सोडला म्हणजे पारणं फेडलं, की उपास करणंच बंद केलं? शतकानुशतकं ही भाषा बोलतोय आपण, कुणाचं म्हणून अडलं नाही. अडलं ते माझ्या चिपचं!

बंदरावर फलक काळाठिक्कर. आधी वीज, मग दम... पुढे शुकशुकाट! मासळीची पाटी घेऊन बसलेली मुक्ताबाई खदखदतेय, "सायबा, तुजा टीवी झोपलाय! लाँच कवा हाय त्ये मना इचार ना! पानी बग, आत्ता सुटंल!" आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन उत्कर्षा रडकुंडीला, "पण सर, तुमीच बोललात ना, सोड!"

बोललो बाई, बोललो! घाल ती ओळ! आधी वीज, मग दम, मग रीसेट सोडायचा... तिनं घातली, मान सुटली, फलक झगझगीत उजळला: 'लाँच सुटली.'

खरंच सुटली होती हो! पाहुणे आत, आमचे साहेब आत! आणि भर पाण्यातून साहेबांचा मेसेज: "नंदकुमार, उत्कर्षाला सोडा."

घरी सोडा? माफ करून सोडा? की कायमचंच...? फोन लावतोय, लागत नाही, दम धरतोय, धरवत नाही, ती बिचारी विचारतेय, "काय म्हणाले सर?"

म्हटलं, "गाडीत बस!" खारघरला तिच्या दारापर्यंत सोडलं. निदान एक अर्थ तरी पाळला!