हळदीच्या दिवशीची सुई

मुरबाडच्या दवाखान्यात माझ्यापुढे रांगेत हळदीने पिवळा झालेला नवरदेव होता आणि त्याची आई.

“हरेश, हळद लागल्यावर नवरा वेस ओलांडतो का रे?” सिस्टरनी विचारलं.

“मी तेच सांगते, सिस्टर! उद्या लगीन हाय. सुई परवा घे बोलले.”

“आये, महिन्याची तारीख आजची हाय. गोळ्या चुकवायचो तेवा कानात माणसं बोलायची. सुई सुरू झाल्यापासून दोन वर्सं गप हायेत.”

“हळू बोल! नवरीला कळलं तर?”

“तिला पयल्या भेटीतच सांगितलंय.”

“अरे देवा! मग?”

“बोलली, तारीख चुकवलीस तर माळ घालणार नाय.”

“नुसतं बोलायला काय जातं!”

“मागं दारात बघ, आये. धसईवरून आलीय. हळद तिला पण लागलीय.”