काय मारली?

सिस्टर : हात वर करू नका म्हटलं ना! बरगडी मोडलीय तुमची, फोटोत चक्क दिसतेय. आता मला नीट सांगा, मारामारी कशावरून झाली?

फिटर : पान्यावरून.

वेल्डर : चहावरून.

सिस्टर : आधी दोघं मिळून ठरवा, मग मला सांगा.

फिटर : म्हणजे चहा पिता पिता पाना हरवला, सिस्टर.

वेल्डर : हां. माझा पाना.

फिटर : वेल्डरला कशाला लागतो रे पाना? फिटर मी आहे ना? माझा पाना!

वेल्डर : बरं, ह्याचा पाना. म्हणून मी मारलं ह्याला. झालं?

सिस्टर : पानाही ह्यांचाच हरवला आणि मारही ह्यांनाच? वा! चांगला न्याय आहे तुमच्या वर्कशॉपमध्ये. तुम्ही एवढे आडदांड, आणि हे बघा, फुंकर मारली तर उडून जातील. लाज नाही वाटत?

वेल्डर : वाटते ना. म्हणून तर…

फिटर : गप रे!

सिस्टर : त्यांना बोलू द्या. आणि तुमचे डोळे एवढे लाल कशानं?

वेल्डर : काच न लावता वेल्डिंग केलं.

सिस्टर : हे बघा, मला ह्या गोष्टी सांगू नका. मारहाणीचा पेशंट आला की आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं. शिवाय बाहेर तुमचे फोरमन बसलेत. कामावर हात उचलणाऱ्यानं उद्यापासून यायचंच नाही, असं सांगून ठेवलंय त्यांनी मला.

फिटर : यायचंच नाही? म्हणजे ह्याची नोकरी जाणार?

वेल्डर : जाऊ दे.

फिटर : जाऊ दे काय, जाऊ दे? घरी पोरं काय वेल्डिंगच्या काड्या खाणार आहेत? सिस्टर, मी जिन्यावरून पडलो.

सिस्टर : आत्ता तर पाना हरवला होता!

फिटर : पाना शोधताना पडलो.

वेल्डर : लावा तुम्ही फोन, सिस्टर. मी मारलं. कबूल आहे मला.

सिस्टर : कमाल आहे. एवढ्या खुशीत कबूल होणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. तुम्ही जरा त्या पडद्यापलीकडे जाऊन उभे राहा. मला ह्यांच्याशी एकट्याशी बोलायचंय. तुम्हाला घाबरून खरं बोलत नाहीयेत ते.

फिटर : मी? ह्याला घाबरून? आई गं… हसवू नका हो, सिस्टर, कळ येते!

सिस्टर : गेले ते. आता सांगा बरं. अगदी मोकळेपणानं. हा माणूस तुम्हाला नेहमी मारतो?

फिटर : रोज.

सिस्टर : रोज!

फिटर : सकाळी आल्या आल्या पाठीत एक धपाटा. घरी जाताना आणखी एक. मीही काही कमी नाही हां. मी पोटरीवर लाथ घालतो.

सिस्टर : अहो, पण एवढी कसली भांडणं?

फिटर : भांडण कुठलं? धपाटा म्हणजे, ‘आलास का रे’ असं विचारणं.

सिस्टर : तोंडानं विचारता येत नाही?

फिटर : तोंडानं शिव्या देतो ना आम्ही. माझं लग्न ठरलं तेव्हा ह्यानं असा गुद्दा हाणला होता दंडावर की हळदीच्या आधीच दंड हिरवा-पिवळा! मुलगी झाली तेव्हा धपाटा. आमचे वडील गेले तेव्हाही धपाटाच. पण त्या दिवशी जरा हळू मारला होता. ते कळलं मला.

सिस्टर : हं. मग आज असं काय झालं? कारण तुमच्या पाठीवर दोन्हीकडे बोटं उमटलीत. ठोसा मारला तर अशी उमटत नाहीत.

फिटर : सांगायलाच पाहिजे?

सिस्टर : त्यांची नोकरी वाचवायची असेल तर सांगायलाच पाहिजे.

फिटर : बाकीचे सगळे जेवायला गेले होते. मी ट्रकखाली झोपून काम करत होतो, हा पलीकडे वेल्डिंग करत होता. तेवढ्यात जॅक सटकला.

सिस्टर : अगं बाई!

फिटर : काढून ठेवलेलं चाक बाजूलाच आडवं पडलं होतं, त्याच्यावर गाडी टेकली. नाहीतर माझा पापडच झाला असता. मला खरचटलंसुद्धा नाही. पण त्याला काय माहीत? तो बोंबलत आला, माझे पाय धरून मला बाहेर ओढलं, उभं केलं, वरपासून खालपर्यंत चाचपलं, आणि मारली.

सिस्टर : काय मारली?

फिटर : मारलं.

सिस्टर : नाही, नाही. ‘मारली’ म्हणालात. थप्पड मारली?

फिटर : थप्पड नाही.

सिस्टर : लाथ?

फिटर : जिवावरच्या संकटातून वाचलेल्या माणसाला लाथ कोण मारेल?

सिस्टर : मग बुक्की? तीही नाही? अहो, मग मारायचं राहिलं तरी काय? … अय्या! मिठी?

फिटर : हळू बोला हो! बाहेर अख्खं वर्कशॉप बसलंय!

वेल्डर (पडद्याआडून) : ओकलास ना शेवटी, शहाण्या!

सिस्टर : या, या, बाहेर या तुम्ही. आणि माझ्याकडे बघून सांगा. मिठी मारली म्हणायची लाज वाटते, आणि मारामारी केली म्हणायची नाही?

वेल्डर : मारामारी काय, कोणीही करतं. आम्ही बाहेर आलो तर फोरमन समोर उभा. हा बरगडी धरून वाकलेला, माझे डोळे हे असे. काय सांगणार होतो त्याला?

फिटर : माझ्याच तोंडून निघून गेलं, ‘ह्यानं मारलं.’

वेल्डर : मीही म्हटलं, ‘हो, मारलं.’ बरंच वाटलं मला. सुटलो म्हटलं.

सिस्टर : पण एवढ्या जोरात धरतात का हो कुणी?

वेल्डर : मला काय ठाऊक? आमच्या घरी बाप्यांचा हात लागायचा तो थोबाडीतच. वडिलांनी कधी जवळ घेतलं नाही, मी कुणाला घेतलं नाही. आज पहिल्यांदाच केलं. किती जोर लावायचा ते कळलंच नाही.

सिस्टर : आणि तुम्ही? तुम्हाला कळलं नाही बरगडी मोडली ते?

फिटर : कळलं की. कट्कन आवाज आला.

सिस्टर : मग ओरडायचं ना!

फिटर : ओरडलो असतो तर ह्यानं सोडलं असतं.

वेल्डर : काय म्हणालास?

फिटर : ऐकलंस की. परत नाही सांगणार.

वेल्डर : साल्या… म्हणजे मोडली होती तरी तू तसाच उभा?

फिटर : तसाच. इतकी वर्षं धपाटे खाल्ले तुझे, म्हटलं, आज हे मिळतंय तर घेऊ.

सिस्टर : बरं. मी सांगते फोरमनना. ‘अपघात’ म्हणते, नुसतं अपघात. चालेल?

फिटर : नको. नुसतं अपघात म्हटलं तर त्यांना पटणार नाही, ते ह्यालाच धरतील. आधी दोघांनी मारामारी सांगितलीय ना. दार उघडा. मीच सांगतो.

वेल्डर : अरे, सगळे आहेत बाहेर!

फिटर : असू देत. साहेब! अहो साहेब, मारामारी वगैरे काही झाली नाही! जॅक सटकला, मी जिवंत निघालो, आणि ह्यानं मला मिठी मारली! … हो, मिठी! बरगडी त्यानंच मोडली! हसा, हसा लेकांनो! रडलासुद्धा तो!

वेल्डर : ते कशाला सांगतोस!

फिटर : आणि मीही रडलो, साहेब!

सिस्टर : बाई, बाई, बाई… काय हसतायत सगळे! काय म्हणताय, फोरमन? … बरं, सांगते. ऐका हो, ते म्हणतायत, जॅक भंगारात टाका, वेल्डर राहू द्या.

वेल्डर : आता जन्मभर चिडवणार मला हे.

फिटर : चिडवू देत. नोकरीवर राहून चिडवून घे.

सिस्टर : चला, पट्टा बांधून झाला. वजन उचलायचं नाही, खोकायचं जपून, हसायचं त्याहून जपून. उतरा आता. हळू. कुणीतरी धरा ह्यांना.

वेल्डर : सिस्टर, तुम्ही धरा. मी नाही हात लावणार.

फिटर : तू धर.

वेल्डर : आणि परत काही मोडलं म्हणजे?

फिटर : ह्या बाजूच्या सगळ्या शाबूत आहेत. धर.