काचेआडची चाळीस चित्रं

मंडळी, एक सांगा — एखादी गोष्ट जपायची म्हणजे काय करायचं? कुलूप लावायचं? अहो, कुलूप तर आपण रिकाम्या डब्यालाही लावतो!

ऐका. कुडाळकडचे एक आर्किटेक्ट, मनोहरपंत धारगळकर. मुंबईत तीस वर्षं बँका बांधल्या, थेटरं बांधली. नाव झालं, आणि साठीला जीव उदास! का? तर, "नुसत्या भिंतीच उभारल्या, त्यांवर लावण्यासारखं काहीच नाही!" म्हणून गावी येऊन कलासंग्रहालय काढलं. चिऱ्याची इमारत — अशी देखणी, की लोक आधी चपला काढायचे, मग आत जायचे!

गावात भिवा ठाकर. चित्रं दाखवत देवळात कथा गाणारा. देवीच्या कथेची चाळीस चित्रं, आजोबांपासूनची. त्यांची रीत काय? चित्र फाटलं, की पाण्यात सोडायचं आणि नवं काढायचं. पंत हळहळले, "पाण्यात? अहो, हा ठेवा आहे! मला द्या. हवी तेव्हा न्या." चित्रं काचेत गेली. कशी? देखणी पुढे, विटलेली मागे! कथेचा क्रम? तो विचारतो कोण!

नवरात्र आलं. भिवा दारात.

"सायबानू, चित्रां एक दिसासाठी माका दिया. देवीफुडे कथा सांगूची आसा."

"भिवाबा, हात लागला की रंग जातो. नियम आहे."

"ह्यो नियम कोणाचो?"

"माझाच!"

म्हातारा परतला. त्या वर्षी देवळात कथा झाली नाही. पुढल्या वर्षीही नाही!

तिसऱ्या वर्षी एका पाहुणीनं चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "ही बाई का रडते?" पंतांना सांगता येईना! धावले भिवाकडे. तो अंथरुणाला खिळलेला.

"भिवाबा, कथा सांगा, मी लिहून घेतो!"

"चित्र हातात नसताना माझ्या तोंडाक कथा येणा नाय, सायबानू."

पंत उलट पावली धावले. आपल्या हातानं काचा उघडल्या, चाळीसही चित्रं छातीशी धरून आले — तर अंगणात माणसं तिरडी बांधत होती!

आज त्या चित्रांखाली चाळीस पाट्या आहेत. सगळ्यांवर एकच — 'प्रसंग अज्ञात'.

हसू नका पंतांना! या देवळातला पखवाज त्या काचेच्या कपाटात कोणी ठेवला? 'शंभर वर्षांचा' म्हणून पाटी कोणी लावली? आणि तो वाजवणारे दाजी गुरव तिथे मागे, खांबाला टेकून बसलेत — त्यांचा हात पखवाजाला लागून किती वर्षं झाली? खाली काय बघता? किल्ली कोणाकडे आहे? उठा! पखवाज दाजींच्या मांडीवर आल्याशिवाय मी कीर्तनाचा शेवटचा गजर म्हणणार नाही.