चकल्या शेगडीत गेल्या त्याची गोष्ट

सन्माननीय अध्यक्ष रमाकांतराव, गुडघा आता काय म्हणतो? प्रमुख पाहुण्या अनघाताई, खोकला बसला ना? चंद्रकांतराव, तुमची साखर मी विचारत नाही, बशीतले दोन पेढेच सांगताहेत. आणि मानक नगरच्या माझ्या समस्त बंधुभगिनींनो, खुशाल आहात ना? मग झालं.

गजेंद्रराव रेल्वेतून निवृत्त होऊन सुहासिनीवहिनींसह कऱ्हाडला निघालेत. त्यांच्या हुद्द्यावर जाणती मंडळी बोललीच. मी पडलो बिनबुकाचा माणूस. मी शेगडीवर बोलतो.

चार वर्षांमागचा जानेवारी आठवतो? कोहरा असा, की समोरची पाण्याची टाकी दिसेना. आमच्या हिच्या, सुरेखाच्या, छातीला कोळशाचा धूर सोसेना. गजेंद्ररावांनी पत्र्याची शेगडी बनवली, धूर नळीतून खिडकीबाहेर. आता जळण? मी आलमबागेतून पोतंभर लाकडाचा भुसा आणला. सुतार म्हणाला, "बाबूजी, बुरादे का अचार डालोगे क्या?"

कणकेची खळ घालून मी लाडू वळले. उचलले की भुगा! तेव्हा वहिनी आईचा पितळी सोऱ्या घेऊन आल्या. "भाऊजी, यात दाबून बघा." काय सुरेख कांड्या पडल्या! पण कोहऱ्यात वाळतात कुठल्या? बुरशी धरली. वहिनी म्हणाल्या, "वाळवणं उन्हाळ्यात करतात, हेही सांगायला हवं?"

तेव्हापासून दर मे महिन्यात गच्चीवर त्यांच्या पापडांशेजारी आमच्या कांड्या. पुढचे तीन हिवाळे सुरेखाने उबेत काढले, हो, खोकल्याशिवाय!

सोऱ्या मात्र माझ्याकडेच राहिला. आणि दर दिवाळीला त्यांच्याच घरी फराळाला बसून मी विचारायचो, "वहिनी, यंदाही चकल्या नाहीत?" त्या हसायच्या, "भाऊजी, चकल्या तुमच्या शेगडीत गेल्या." मला वाटायचं, थट्टा! सांगा मंडळी, या डोक्याला काय म्हणावं?

परवा सामान बांधायला गेलो. भिंतीवर वहिनींची यादी होती. 'आईचा सोऱ्या' यावर काट मारून पुढे लिहिलं होतं: 'भाऊजींकडे राहू दे. सुरेखाला थंडी सोसत नाही.'

वाचलं आणि तसाच घरी आलो. चिंच लावून सोऱ्या तीनदा घासला. पहिल्या घाण्याच्या चकल्यांना शिसवाच्या भुशाचा वास आला, त्या मी खाल्ल्या. दुसऱ्या घाण्याच्या तुमच्या बशीत आहेत. आमच्या कांड्यांसाठी लोहाराने लोखंडी नळी करून दिलीय, काळजी नसावी. वहिनी, पुढे या. हा तुमच्या आईचा सोऱ्या. नाही म्हणायचं नाही.

अध्यक्षमहाराज, वेळ दिलात, उपकार झाले. अडाणी जिभेनं कमीजास्त बोललं असेल तर पोटात घाला. आणि वहिनी, कऱ्हाडला पहिला घाणा काढलात की वास आला की नाही, तेवढं लगेच पत्रानं कळवा. मी वाट बघतोय.