विरघळणारी पिशवी

दातांच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. दुकानदारीणबाई मांडीवर पिशवी घेऊन पेंगत होत्या. दुकानासाठी नव्याच आणलेल्या पिशव्यांतली एक. तिच्यावर छापलं होतं, ‘मी मातीत विरघळते’. शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, चेहरा किती उतरलाय तुमचा!”

“प्रयोगशाळेतलं सगळं शेवाळ पिवळं पडलं गं. आता पुन्हा पहिल्यापासून.”

“पण प्लास्टिकचा चुरा तुम्हीच घातला होता ना त्यात?”

“विरघळणाऱ्या प्लास्टिकचा. तोही निम्म्या बाटल्यांत. बाकीच्यांत नुसतं तळ्याचं पाणी, तुलनेसाठी. त्याही पिवळ्या.”

“अशा कशा?”

“बाटल्यांची तोंडं मी झाकली. साधं प्लास्टिक आपणच कसं वापरायचं, म्हणून विरघळणाऱ्या पिशव्या कापून बांधल्या. शेवाळाला उजेड द्यायला लावलेल्या दिव्यांच्या उबेनं त्यांचाच भुगा आत पडत राहिला.”

“म्हणजे आगीतून फुफाट्यात!”

“कापसाचे बोळे होते की आधी. मलाच मेलीला चांगुलपणा सुचला.”

“दादाला सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, शेवाळच ना? मोरीत हवं तेवढं आहे.”

नणंद हसली, पण वहिनी हसली नाही. तिची नजर शेजारच्या मांडीवर गेली होती.

“मावशी, पिशवीचा भुगा पडतोय हो तुमच्या साडीवर. कुठली आहे?”

दुकानदारीणबाईंची पेंग केव्हाच उडाली होती. त्यांनी पिशवीवरच्या अक्षरांवर तळहात ठेवला.

“कोण जाणे बाई. दिली कुणीतरी.”